तात्यांनी पास केलेली खोली

तात्यांनी पिशवीतून हातोडी काढली आणि हॉटेलच्या काउंटरवर ठेवली. मॅनेजर तोवर आमच्याकडे बघून छान हसत होता, तो थांबला.

"ही कशासाठी, सर?"

"खोली बघायची हाय," तात्या म्हणाले.

"बघा ना सर, अवश्य बघा. पण हातोडी?"

"डोळ्यानं काय दिसतंय? रंग दिसतो नुसता."

मी दुसरीकडे बघितलं. सकाळी सहापासून एस.टी.त बसून माझं डोकं भणभणत होतं, आणि पुढचं सगळं मला दिसायला लागलं होतं.

तात्या म्हणजे माझे वडील, रंगनाथ क्षीरसागर. करमाळा डेपोत एकतीस वर्षं मेकॅनिक, त्यातली शेवटची बारा हेडमेकॅनिक. पहिली गाडी सुटायच्या आत प्रत्येक चाकाच्या प्रत्येक नटावर हातोडीनं ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. खणखणीत आला तर नट घट्ट, बद्द आला तर ढिला. सगळं नीट असेल तर कार्डावर 'मार्गस्थ होण्यास योग्य' असं लिहून सही करायची. निवृत्त झाले तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि यांनी साहेबांना गळ घालून ही हातोडी मागून घेतली. पाव किलोची, बाभळीच्या दांड्याची. त्यानंतर आमच्या घरात तिच्यातून काही सुटलं नाही. गॅसची टाकी, माळ्यावरची फळी, कलिंगड, माझ्या लग्नातले मांडवाचे खांब. एका पाहुण्यांनी नवीन घर बांधलं म्हणून वास्तुशांतीला बोलावलं, तर यांनी जेवायच्या आधी चार भिंती ठोकून एक बद्द काढली. ते पाहुणे त्यानंतर आमच्याकडे आले नाहीत.

आता हॉटेलचं सांगते. हॉटेल तात्यांसाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. त्यांच्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या होत्या, त्यातली एक नव्वद टक्के. पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात बायपास ठरली होती. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत भरती व्हायचं, परवा ऑपरेशन. पाचच्या आत गेलो नाही तर तारीख दुसऱ्याला, आणि आम्हाला दीड महिन्यानं. दीड महिना थांबण्यासारखं हे हृदय नाही, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं. आईचे गुडघे धरलेले, माझे यजमान ग्रामसेवक, ते निवडणुकीच्या ड्युटीवर. तेव्हा आठ-दहा दिवस तात्यांजवळ मी एकटीच राहणार होते, आणि रात्रीचं दवाखान्यात कुणाला थांबू देत नव्हते. मी शाळेतल्या कॉम्प्युटरवर बसून दवाखान्याच्या मागच्या गल्लीतलं 'हॉटेल नक्षत्र' शोधलं. साठ टक्के सूट होती. फोटोत पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवला होता. मी खोली ठरवून टाकली आणि स्वतःवर फार खूश झाले.

तात्यांना भिगवणला चहा पिताना सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"साठ टक्के? मग तिथं काहीतरी मेलंय."

"तात्या, ऑफर असते."

"आधी मी बघणार. तुझी सोय लागल्याबिगर मी काय आत जाऊन पडणार न्हाई, सांगून ठेवतो."

तर असं आम्ही साडेबाराला त्या काउंटरपाशी उभे होतो. मॅनेजरच्या गळ्यात टाय होता आणि छातीवर पितळी पट्टी, त्यावर घोटवडेकर असं नाव. वय असेल तिशीचं. पुढचे चार तास या माणसानं जे सोसलं ते बघून मला आजही त्याचं वाईट वाटतं.

"साठ टक्के सूट का हाय?" तात्यांनी विचारलं.

"ऑफ सीझन आहे ना, सर."

तात्यांनी काचेतून बाहेर बोट केलं. समोर दवाखान्याची सात मजली पाठ दिसत होती. "दवाखान्याच्या मागचं हॉटेल. दुखण्याला सीझन असतो व्हय?"

घोटवडेकरनं टाय सरळ केला. हा प्रश्न त्याला हेडऑफिसनं शिकवला नसावा.

"मागच्या पाहुण्यानं खोलीबद्दल काय तक्रार लिहिली, ते कार्ड दाखवा."

"असं कार्ड नसतं, सर."

"मग गाडी कशाच्या भरवशावर सोडता?"

"गाडी नाही सर, खोली आहे."

"तेच ते," तात्या म्हणाले आणि त्याच्या पुढ्यातला कोऱ्या कागदांचा पॅड उचलून त्यांनी वरती 'दोषपत्र' असं लिहिलं. पेन्सिल त्यांच्या कानावर असते.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती, २०४. तात्यांना जिना चढायला मनाई होती, म्हणजे लिफ्टनं जावं लागणार. लिफ्टचं दार उघडलं तशी घोटवडेकरनं "या सर" म्हटलं, आणि तात्यांनी त्याच्या छातीसमोर हात आडवा धरला.

"आधी रिकामी जाऊ दे."

लिफ्ट रिकामी गेली आणि आली. तात्या दाराला कान लावून उभे. मग आमच्या दोन बॅगा एकट्या वर जाऊन आल्या. त्यातल्या एकीत आईनं बांधून दिलेले धपाटे होते, ते उगाच फिरले. मग घोटवडेकर एकटा गेला. तो वरून खाली आला तेव्हा तात्यांनी त्याला विचारलं, "हिसका बसला?"

"नाही सर."

"खरं सांगा."

"किंचित," घोटवडेकर म्हणाला. "पहिल्या मजल्यापाशी."

तात्यांनी ते कागदावर लिहिलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. घोटवडेकर इथंच फसला. कुणीतरी आपल्याला मनापासून विचारतंय आणि आपलं उत्तर लिहून घेतंय, हे त्या बिचाऱ्याच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत असावं. त्यानंतर तो आमच्यामागे हॉटेलचा मॅनेजर म्हणून फिरलाच नाही.

खोली फोटोतल्यासारखीच होती. पांढरी चादर, खिडकीला पडदा, पलंगावर हंस. मी म्हटलं, "बघा, झालं समाधान? चला, एक वाजतोय." तात्यांनी हंसाची मान धरून त्याला उचललं, झटकून साधा टॉवेल केला, उजेडात धरून बघितला आणि घडी घालून ठेवून दिला. मग ठोकायला सुरुवात केली.

पलंगाचे चार पाय. डावीकडचा मागचा बद्द. कपाटाची बिजागरी बद्द. बेसिनचा नळ खणखणीत, पण त्याच्या खालचा पाइप असा वाजला की घोटवडेकरच म्हणाला, "हा बद्द आहे ना?" आणि तात्या म्हणाले, "शाब्बास." पंख्याला हातोडी पोचेना, म्हणून घोटवडेकर खुर्चीवर चढला आणि तात्यांनी खालून ऐकलं. गीझर तीन वेळा चालू-बंद करून झाला. खिडकीच्या गजांवर तात्या ओळीनं हातोडी फिरवत गेले, सगळे गज वाजले. सातवा वाजला नाही. तो हातात आला.

"साठ टक्के," तात्या माझ्याकडे बघून म्हणाले.

या आवाजानं समोरच्या २०३ मधले गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. लुंगी आणि बनियन, हातात अर्धं केळं. नाव बिराजदार, उदगीरचे. बायकोचा मणका दाखवायला आले होते आणि ती त्या वेळी आत झोपली होती.

"काय चाललंय म्हणे?"

"खोली तपासतोय," घोटवडेकर म्हणाला. अभिमानानं म्हणाला.

"कोण, सरकारी माणूस?"

"एस.टी.चे आहेत."

एवढ्यावर बिराजदारांचं समाधान झालं. ते आत येऊन एका बाजूला उभे राहिले आणि केळं खात बघू लागले.

दोषपत्रावर तोवर अकरा दोष चढले होते. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. आईचा फोन आला. "काय म्हणतंय गं हॉटेल?" मी म्हटलं, "तात्या ठोकतायत." ती म्हणाली, "मग आज काही तुम्ही पोचत नाही." आणि फोन ठेवला. चव्वेचाळीस वर्षांचा संसार, तिला काही समजवावं लागत नाही.

"आता लोड टेस्ट," तात्या म्हणाले.

"म्हणजे?" मी विचारलं.

"पलंगाची. बसा सगळे."

"तात्या, मी एकटी झोपणार आहे यावर."

"गाडीत पन्नास सीटा असतात म्हणून पन्नासच चढतात का? बसा."

मी बसले. घोटवडेकर टाय मागे टाकून माझ्यापासून हातभर अंतरावर बसला. बिराजदारांना कुणी सांगितलं नव्हतं, पण ते केळ्याची साल खिशात घालायला गेले, लुंगीला खिसा नाही हे लक्षात आल्यावर ती मुठीत धरून येऊन बसले. त्यांच्या बसण्यानं आम्ही दोघं वर आलो.

"आता खडीचा रस्ता लागला," तात्या म्हणाले. "हला."

आम्ही हललो. तात्या गुडघ्यावर वाकून पलंगाखाली कान लावून बसले होते. "अजून. आता खड्डा." आम्ही तिघांनी एकदम उडी मारली. मी, एक शिक्षिका, वय वर्षं सदतीस, एका अनोळखी पुरुषाच्या आणि एका अर्धनग्न पुरुषाच्या मध्ये बसून पलंगावर उड्या मारत होते, आणि माझ्या वडिलांचं नव्वद टक्के तुंबलेलं हृदय त्या पलंगाखाली होतं. मला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी त्यांचा इतका राग आला की डोळ्यात पाणी आलं. "पुरे," मी ओरडले. "पावणेतीन वाजलेत."

तात्या पलंगाखालून बाहेर आले. उठताना त्यांनी पलंगाची कड धरली आणि क्षणभर तशीच धरून ठेवली. ओठांवर घाम होता. मी जवळ गेले तर म्हणाले, "काय न्हाई. धूळ हाय खाली. लिहून घे, बारावा."

बिराजदार रडकुंडीला आले होते. "अहो साहेब, आमचाही पलंग असाच वाजतोय म्हणे. चार दिवस झक्क झोपलो बघा. आता नाही येणार झोप."

"तुमचं नंतर," तात्या म्हणाले. "आधी दार."

दाराशी मात्र ते वेगळेच झाले. हातोडी खाली ठेवली. कडीवरून बोट फिरवलं, कोयंडा हलवून बघितला, दार लावून फटीतून कॉरिडॉरचा उजेड किती दिसतो ते बघितलं. कुलपाच्या भोकाला डोळा लावला. असं दोनदा केलं. मग बाहेर गेले आणि म्हणाले, "वैजा, आतून कडी लाव. मी ढकलतो."

"तुम्ही ढकलणार नाही," मी म्हणाले. "जिना चढायचा नाही म्हणून सांगितलंय आणि दार फोडताय? मी कडी लावणारच नाही."

"मग परीक्षा कशी होणार?"

"मी ढकलतो, काका," घोटवडेकर म्हणाला. सरांचे काका कधी झाले ते माझ्या लक्षात आलं नाही.

मी आत राहून कडी लावली. बाहेरून तात्यांचा आवाज आला, "खांद्यानं. लांबून या. एखाद्या हलकट माणसानं ढकलल्यासारखं ढकला, मॅनेजर म्हणून नको." पाच पावलं धावत आल्याचा आवाज झाला. कडी स्क्रूंसकट उपटली गेली आणि घोटवडेकर माझ्या पायाशी येऊन पालथा पडला. टाय त्याच्या तोंडात होता.

तात्या आत आले. त्यांनी खाली पडलेले स्क्रू उचलले, तळहातावर घेतले. बोटाच्या पेराएवढे, बारीक.

"हे बघा," ते हळूच म्हणाले. "या चार काड्यांवर माझी पोरगी दहा दिवस झोपणार हुती."

घोटवडेकर जमिनीवर बसूनच ते स्क्रू बघत होता. "काका, मला खरंच माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"तुम्हाला कसं माहीत असणार. तुम्ही कधी ढकललं न्हाई."

मग घोटवडेकर स्वतः धावत हार्डवेअरच्या दुकानात गेला. दोन इंची स्क्रू, नवी कडी, पाइपाला वायसर. नळवाला येईना म्हणून पाइप बिराजदारांनी बसवला, त्यांचं उदगीरला पंपाचं दुकान होतं, हे तेव्हा कळलं. कडी तात्यांनी बसवली. मी स्क्रू पिळू देईना, तर म्हणाले, "हे मलाच करू दे," आणि असं म्हणाले की मी बाजूला झाले. प्रत्येक स्क्रू पिळून झाला की थांबून श्वास घेत होते. गज, पलंगाचा पाय, बिजागरी, सगळं झालं. घोटवडेकरनं पुन्हा पाच पावलं धावून दारावर खांदा मारला आणि या वेळी तोच मागे जाऊन भिंतीवर आदळला. "पास," तो खांदा चोळत म्हणाला.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तात्यांनी दोषपत्राच्या तळाशी 'खोली क्र. २०४, उतरण्यास योग्य' असं लिहिलं आणि सही केली. घोटवडेकरनं तो कागद दोन्ही हातांनी घेतला. "काका, आता ही खोली साठ टक्क्यांत देणं जिवावर येतंय हो," तो म्हणाला आणि बिराजदारांबरोबर २०३ कडे गेला. दोघांनी जाताना हातोडी मागितली. तात्यांनी दिली नाही.

"चला," मी म्हणाले. "झाली माझी सोय. आता दवाखाना."

तात्या पलंगावर बसले. त्यांनी हातोडी फडक्यात गुंडाळली. गुंडाळून झाल्यावर उलगडली आणि परत गुंडाळायला लागले.

"करमाळ्याला पावणेपाचची गाडी हाय, वैजा."

"कुणासाठी?"

"न्हाई, खोली झ्याक झाली. पुढल्या महिन्यात आलो की हीच घेऊ. घोटवडेकर देईल."

मी तेव्हा जे बोलले ते काही बरं बोलले नाही. म्हणाले, "तुम्ही भित्रे आहात, तात्या. अख्खं हॉटेल नाचवलंत. त्या पोराला जमिनीवर लोळवलंत. मला उड्या मारायला लावल्यात. सगळं कशासाठी, तर पाच वाजावेत म्हणून. माझी सोय म्हणे."

"तुझी सोय बघायचीच हुती," ते म्हणाले. "मी टेबलावरनं उठलो न्हाई, तर तू या गावात एकटी. ते दार बघायलाच पायजे हुतं."

मी दाराच्या नव्या कडीकडे बघितलं.

"पण भ्यालोय पण," तात्या म्हणाले. "ते खरं हाय तुझं."

"ऑपरेशनला सगळेच घाबरतात."

"ऑपरेशनला न्हाई." त्यांनी फडक्याची गाठ मारली. "मागल्या खेपेला त्या डॉक्टरनं मला हात लावला न्हाई. तुला आठवतंय? पडद्यावर ती फिल्म बघितली. नव्वद म्हणाला. दोन मिनिटं. मी समोर स्टुलावर बसलो हुतो. शर्टाची बटणं काढून बसलो हुतो, म्हटलं बघंल आता. मग तशीच लावली परत." त्यांनी गाठ ओढून घट्ट केली. "एकतीस वर्षांत कागद बघून मी एक गाडी सोडली न्हाई, वैजा. आणि हा कागद बघून मला खोलणार."

त्या दिवशी मी त्याच खोलीत होते. तात्यांच्या शेजारी उभी होते. त्यांनी बटणं काढलेली मला दिसली नव्हती, लावलेलीही दिसली नव्हती. मी फाइल सांभाळत होते.

मी त्यांच्याशेजारी बसले. पलंग अजिबात वाजला नाही.

"चला," मी म्हणाले. "तिथं तुम्हाला कुणी नीट तपासलं नाही, तर मी स्वतः तुम्हाला परत आणून गाडीत बसवीन. शप्पथ."

"कुणाची?"

"या हातोडीची."

तात्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. मग उठले. मला शपथ घेताना काय वाटलं होतं कुणास ठाऊक. नव्वद टक्के बंद हृदयावर असली पैज लावणाऱ्या बाईला शाळेनं गणित शिकवायला ठेवायला नको होतं.

पाचला सात मिनिटं कमी असताना आम्ही दवाखान्यात पोचलो. तात्यांच्या मनगटावर रेघारेघांची पट्टी बांधली. बोटाला चिमटा लावला, आकडा आला. दंडाला पट्टा बांधला, तो आपोआप फुगला, आकडा आला. काट्यावर उभं केलं, आकडा आला. प्रत्येक आकडा कुणीतरी लिहून घेऊन जात होतं, आणि प्रत्येक वेळी तात्या माझ्याकडे बघत होते. पाचव्या मजल्यावर त्यांना खाट मिळाली. खाटेच्या पायावर त्यांनी बोटानं ठोकलं आणि हात मागे घेतला. साडेपाच झाले, पावणेसहा झाले. तात्यांनी पायात चपला घातल्या. पिशवी मांडीवर घेतली. मी खिडकीतून खाली बघायला लागले, कारण मला माझी शपथ आठवत होती आणि ती मी पाळणार होते की नाही, हे मला स्वतःला माहीत नव्हतं.

तेवढ्यात पडदा सरकवून एक मुलगी आत आली. पांढरा कोट, चुरगळलेला. कानावर पेन. ती शिकाऊ डॉक्टर होती, मुजावर नाव होतं. सकाळपासून उभी असावी, डोळे ओढलेले होते. तिनं फाइल उघडली नाही, खाटेवर टाकली.

"आजोबा, शर्ट काढा."

तात्यांनी तिच्याकडे बघितलं. मग बटणं काढली, एकेक करून.

तिनं हात एकमेकांवर घासून गरम केले. डाव्या हाताचं मधलं बोट तात्यांच्या छातीवर सपाट ठेवलं आणि त्याच्यावर उजव्या हाताचं बोट वाकवून ठोकलं. टक टक. मान कलती करून ऐकलं. बोट दोन अंगुळं खाली सरकवलं. टक टक. पुन्हा ऐकलं.

तात्या जिथल्या तिथं थिजले. मग त्यांनी चपला काढल्या. पायानंच, आवाज न करता.

"हितं काय आला?" त्यांनी विचारलं.

"मोकळा," ती म्हणाली, मान वर न करता. "फुफ्फुस आहे. बोलू नका जरा."

टक टक. टक टक.

"हितं?"

"इथं बद्द."

मी खाटेचा गज घट्ट धरला.

"इथं बद्द यायलाच हवा, आजोबा," ती म्हणाली. "इथं तुमचं हृदय आहे."

"बरोबर," तात्या म्हणाले. "तिथं ते असतंच."

तिनं त्यांना वाकायला लावलं आणि पाठ ठोकायला घेतली. खांद्यापासून खाली, एक डावीकडे, एक उजवीकडे, एकही जागा न सोडता. तात्या डोळे मिटून तिच्याबरोबर ऐकत होते. डावीकडे खाली ती थांबली, तिथंच तीनदा ठोकलं. "इथं थोडा बद्द येतोय," ती म्हणाली. "पाणी असेल थोडं. उद्या छातीचा फोटो काढू आणि मग पुढचं. मी सरांना सांगते."

"लिहून ठेव," तात्या म्हणाले.

"लिहितेच."

तिनं कानावरचं पेन काढून लिहिलं. तात्यांनी मान लांबवून बघितलं. "खाली सही कर, बाई." तिनं त्यांच्याकडे एकदा बघितलं, हसली आणि सही केली. ती गेल्यावर तात्यांनी पिशवी मांडीवरून उचलून माझ्याकडे दिली.

"ही तुझ्याजवळ असू दे," ते म्हणाले. "आणि आता हितं थांबू नको. खोलीवर जा. कडी लाव."

फोटोत थोडं पाणी निघालंच. ते औषधांनी उतरल्यावर तीन दिवस उशिरा ऑपरेशन झालं. दीड महिना काही थांबावं लागलं नाही, त्या मुलीनं जे लिहिलं होतं त्यामुळे आमचा नंबर धरून ठेवला होता. पंधराव्या दिवशी तात्यांना सोडलं. माझे यजमान जीप घेऊन आले होते. तात्यांनी जीप आधी हॉटेलच्या दारात न्यायला लावली. घोटवडेकर लिफ्ट घेऊन उभा होता. त्याच्या काउंटरमागे भिंतीवर आमचं दोषपत्र काचेत घालून लावलेलं होतं, आणि पॅडवर त्यानं स्वतः लिहिलेले दुसऱ्या खोल्यांचे आठ-नऊ कागद होते. तात्यांनी या वेळी लिफ्ट रिकामी पाठवली नाही.

२०४ मध्ये आल्यावर त्यांनी पिशवी मागितली. मी म्हटलं, छातीला टाके आहेत, हात उचलायचा नाही म्हणून सांगितलंय, हातोडी मिळणार नाही. ते दारापाशी गेले. डाव्या हाताचं मधलं बोट त्यांनी कडीच्या पहिल्या स्क्रूवर सपाट ठेवलं, उजव्या हाताचं बोट वाकवलं आणि त्याच्यावर ठोकलं. टक टक. मान कलती करून ऐकलं. मग दुसरा, तिसरा, चौथा.

"घट्ट हाय," ते म्हणाले, आणि आम्ही करमाळ्याला निघालो.